बिनहळदीचं कालवण

सखुबाईच्या घरात हळद शिजत नव्हती. लेक कल्पिता गेल्यापासून नव्हती. उन्हाळ्यात सखुबाई वर्षाचा मसाला कुटायला डोंबिवलीच्या कांडपावर जायची. मिरच्या, धणे, दगडफूल, खसखस सगळं पिशव्यांतून काढून द्यायची, आणि कांडपवाला दर वर्षी विचारायचा, "मावशी, हळकुंडं घरी राहिली काय?"

"राहू दे राहिली तर," सखुबाई म्हणायची आणि तोंड फिरवून उभी राहायची.

बिनहळदीच्या कालवणाला मासळीचा हिवस वास मारतो. कोळंबीचं असो नाहीतर निवट्यांचं, धाकू बिचारा दोन घासांमागे एक घोट पाणी पिऊन गिळायचा. वरण तर पांढरंफटक. तो काही म्हणायचा नाही. बायकोच्या रागापुढे त्याची जीभ तशीही कधी उचलली नव्हती. शेजारणी म्हणायच्या, सखूचं डोकं फिरलंय. फिरलं होतंच, आणि ते जागेवर आणायची तिला काडीचीही घाई नव्हती.

पिवळ्या रंगाशी तिचं पहिल्यापासून असं वाकडं नव्हतं. उलट तिचं अर्धं आयुष्य त्या रंगानं हौसेनं रंगवलेलं. लग्नात मामानं आणलेली पिवळी साडी तिनं विरेपर्यंत नेसली होती. जेजुरीला पायऱ्या चढताना उधळलेला भंडारा घरी येईस्तोवर केसांतून झाडायचा नाही, हे तिला आईनं शिकवलेलं. गावातल्या बायका सोन्याला सोनं म्हणायच्याच नाहीत, "अंगावर पिवलं किती होतं?" असं विचारायच्या, आणि सखुबाईही विचारायची. मग एक दिवस नवाच पिवळा रंग आला. सरकारी नकाशात हिरव्या रंगाची जमीन म्हणजे गवत आणि म्हशी, पिवळ्या रंगाची म्हणजे टॉवर. ज्यांनी जन्मात नकाशा पाहिला नव्हता ती माणसं कट्ट्यावर बसून "आमची पिवल्यान आली" असं सांगायला लागली. खाडीपलीकडच्या चांगुणाबाईची सगळीच्या सगळी पिवळ्यात आली. तिच्या दिपेशसाठी कल्पिताला मागणी आली तेव्हा सखुबाई तीन गावांत सांगत सुटली होती, लेक पिवळ्यातल्या घरात जातेय म्हणून. तेव्हा तिला तो रंग फार गोड वाटला होता.

कल्पिता गेली ती नणंदेच्या हळदीला.

सखुबाई त्या संध्याकाळी आहेर घेऊन पोचली तेव्हा मांडवात धुडगूस चालला होता. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. डीजे लावलेला, मटणाची डेगची चढलेली, आणि लहानथोर सगळे कानापासून पायापर्यंत पिवळे. सहा महिन्यांची पोटुशी कल्पिता खुर्चीवर टेकून बसली होती. तिच्या तोंडावर, हातांवर, गळ्यावर हळद थापलेली. सखुबाई हसत म्हणाली, "केवरी पिवली झालीस गो!" कल्पिता बारीक हसली. "दमलेय आई," म्हणाली. चांगुणाबाई मागून म्हणाली, "पोटुशी हाय, दमनारच," आणि सखुबाईला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

तासाभरानं कल्पिता खुर्चीवरून खाली आली ती शुद्ध हरपूनच. बायकांनी तिला मोरीत नेऊन कपड्यांसकट अंग धुतलं. पाणी ओतलं, साबण लावला, परत पाणी ओतलं. हळद खाली वाहून गेली आणि पोरगी पिवळीच राहिली. डोळ्यांची बुबुळं सोडून उरलेलं सगळं पिवळं, नखं पिवळी, जीभ पिवळी. सखुबाईच्या हातातला तांब्या तिथेच खाली पडला.

कल्याणच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कावीळ कधीपासून आहे?" चांगुणाबाई म्हणाली, आजच दिसली. मग नर्सनं कल्पिताचं पोलकं सोडवलं, आणि आतून काविळीची माळ निघाली. काड्यांची माळ, वैदू मंतरून गळ्यात बांधतो ती. बांधताना गळ्याभोवती बसते आणि जशी कावीळ उतरते तशी वाढत जाते, असं म्हणतात. ही बेंबीपर्यंत आली होती. म्हणजे ती बांधून बरेच दिवस झाले होते, त्यांना कधीचं ठाऊक होतं. घरात कार्य, पाहुण्यांना तोंड काय दाखवायचं, सून दवाखान्यात गेली तर हळदीचा बेरंग व्हायचा. म्हणून तिच्या गळ्यात माळ बांधली, ती पोलक्यात दडवली आणि वरून हळद थापून तिला मांडवात बसवली. पोर पोटातच गेलं आणि पहाट व्हायच्या आत कल्पिताही गेली.

तेव्हापासून सखुबाई वाट पाहत होती. कसली, ते तिलाही सांगता आलं नसतं. पोलिसात जायला धाकू तयार झाला नाही. भाऊबंद म्हणाले, कावीळ देवानं दिली, माणसाचा काय दोष. सखुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात चांगुणाबाईला रोज एकदा जाळली.

आणि मग एका रविवारी चांगुणाबाईच स्वतःच्या पायांनी तिच्या दारात आली. हातात पेढ्यांचा पुडा, अंगावर एवढं पिवळं की मान ताठ धरावी लागत होती. सोबत कुणी नाही.

"विहीनबाय," ती म्हणाली, "दिपेशचं जमवलंय. खडवलीची पोर हाय. गरीब घर, पन गुनाची."

"मंग?" सखुबाईनं तिला बस म्हटलं नाही.

चांगुणाबाई उभ्यानंच बोलली. पोरीची आजी, यसूबाय, जुन्या वळणाची. बिजवराला पोर द्यायला तयार आहे, पण रीत सोडायला तयार नाही. रीत अशी, की पहिली बायको गेलेली असली तर दुसरीला पहिली हळद लावायचा मान गेलेलीच्या आईचा. तिनं हळद लावायची, सगळ्यांदेखत "ही माजी लेक" असं म्हणायचं, म्हणजे दुसरी ही पहिलीच्या जागी येते, तिच्या आईची लेक होते, आणि गेलेलीचा जीव घरात घुटमळत नाही. सखुबाईनं हळद लावली नाही तर पोर पाटावर बसणार नाही, असं म्हातारीनं स्वच्छ सांगितलेलं.

"तुमी आल्या नाय तं लगीन मोरंल," चांगुणाबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "याआधी दोन मोरली. लोकं कायबाय बोलतान. तुमी एकदा मांडवान उभ्या रायलाव ना, का सगल्यांची तोंडा बंद होतील."

सखुबाईला आतून असं काही भरून आलं की हसू येतंय की रडू ते तिला कळेना. चांगुणाबाईच्या घराची किल्ली कुणीतरी आणून तिच्या तळहातावर ठेवली होती, आणि आणणारी दुसरी तिसरी कुणी नाही, खुद्द चांगुणाबाईच होती.

"येईन," ती म्हणाली.

चांगुणाबाई गेल्यावर धाकू ओटीवरून आत आला. त्याचे डोळे ओले होते. "बरां केलास," तो म्हणाला. "पोरीचा जीव सुटंल. किती दिस धरून ठेवशील?"

"पेढं खावा," सखुबाई म्हणाली आणि पुडा त्याच्यापुढे सरकवला. ती काय करणार होती ते तिनं त्याला सांगितलं नाही. बेत साधा होता. मांडव भरू द्यायचा. पाहुणे बसू द्यायचे. पोर पाटावर बसली, वाटी हातात आली की ती सगळ्यांसमोर मातीत पालथी करायची आणि काही न बोलता निघून यायचं. म्हातारी नातीला उठवून नेईल. तिसरं लग्न मोडेल. चौथ्यांदा विचारायला कुणी धजणार नाही. चांगुणाबाईच्या पिवळ्या जमिनीवर टॉवर उभे राहोत, तिच्या ओटीवर नातवंड नाचणार नाही, हे सखुबाईनं स्वतःशी पक्कं केलं. त्या रात्री तिला छान झोप लागली.

हळदीच्या दिवशी दोन्हीकडचा कार्यक्रम एकाच मैदानात, चांगुणाबाईच्या खर्चानं. खडवलीकरांकडे पिवळं रेशनकार्ड, ते काय मांडव घालणार. मैदान बघावं तर वरपासून खालपर्यंत पिवळं. पिवळे पडदे, पिवळे फुगे, झेंडूचे डोंगर, दिपेशच्या दोस्तांचे एकसारखे पिवळे टीशर्ट, पिवळ्या काचांचे गॉगल. सगळ्यांनी पिवळंच घालायचं असा हुकूम होता. सखुबाई पांढऱ्या लुगड्यात गेली. चार जणी वळून बघायला लागल्या, पण बोलायची कुणाची छाती झाली नाही.

स्टेजवर भाड्यानं आणलेली एक अँकर होती. शहरी पोरगी, हातात माइक. "सो फ्रेंड्स, आता एक खूप इमोशनल मोमेंट!" ती ओरडली. "पहिली हळद लावायला येतायत आपल्या लाडक्या सखुबाई मावशी! जोरदार टाळ्या!" माइक जवळ ठेवायचा हुकूम चांगुणाबाईचाच. "ही माजी लेक" हे शब्द सगळ्या मैदानाला ऐकू जायला हवे होते. नाव धुऊन निघायचं तर गर्दीसमोर निघायला हवं.

नवरी रुचिता पाटावर बसली होती. मामानं दिलेली साधी पिवळी सुती साडी, मुंडावळ्या, पायांत जोडवी नाहीत अजून. बावीसेक वर्षांची असेल. सखुबाईनं तिच्याकडे धड बघितलंही नव्हतं. तिच्यालेखी ती पोरगी म्हणजे चांगुणाबाईला हाणायला हाताशी आलेली काठी होती. तिनं वाटी उचलली. हळदीचा ओला वास नाकात गेला आणि इतक्या दिवसांनी मोरीतला तो ओघळ तिच्या डोळ्यांसमोर आला. हात वाकडा करायचा तेवढा बाकी होता.

"आई," रुचिता अगदी हळू म्हणाली. माइकला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं मान खाली घातली होती. "एक विचारू? राग मानू नका. ताई बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या ना?"

सखुबाई थांबली. "कोन बोल्ला?"

"सगळेच बोलले. आजीला पटत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी भंडारा उचलून सांगितलं. पण परवा यांच्या चुलतबहिणीच्या तोंडून कावीळ म्हणून निघालं आणि ती एकदम गप्प झाली. मी यांना विचारलं तर चिडले." तिनं वर बघितलं. "मला कुणी खरं सांगतच नाहीये."

सखुबाईच्या कानांत डीजेसारखं काहीतरी दणदणायला लागलं. पोरीचा जीव घेतला तो घेतला, यांनी तिचं मरणसुद्धा बदलून टाकलं होतं. तेही खंडोबाचा भंडारा हातात धरून. तिची कल्पिता आता गावोगावी वेंधळी ठरली होती, मोरीत धड उभं राहता न येणारी. सखुबाईला एकदम वाटलं, वाटी पालथी करणं हे फारच थोडं झालं. वाटी पालथी केली तर उद्या हेच लोक म्हणतील, म्हातारी वेडी आहे, हळद शिजवत नाही घरात, तिचं काय मनावर घ्यायचं. आणि महिन्यानं दुसरी गरिबाची पोर शोधतील.

समोरची पोरगी अजून बघत होती. डोळे स्वच्छ पांढरे, काळजीनं मोठे झालेले. सखुबाईला तिची लाज वाटली. काठी म्हणून धरायला आली होती आणि ही आई म्हणून हाक मारत होती.

तिनं पाचही बोटं वाटीत बुडवली. रुचिताच्या गालांना हळद लावली, कपाळाला लावली, हातांना कोपरापर्यंत लावली, खाली बसून पावलांना लावली. घाई केली नाही. आपल्याच पोरीला लावावी तशी लावली. मग उठून तिनं अँकरच्या हातातला माइक ओढून घेतला.

"ही माजी लेक," ती म्हणाली.

मैदानभर टाळ्या झाल्या. कुणीतरी शिट्टी मारली. चांगुणाबाईनं पदर डोळ्यांना लावला. दिपेशचे दोस्त ढोल वाजवायला लागले. खाली पहिल्या रांगेत धाकू रडत होता. सखुबाई ढोल थांबेपर्यंत उभी राहिली.

"आयकलाव सगल्यांनी?" तिनं विचारलं. "यसूबाय, तुमी आयकलाव? रीत झाली का पुरी?"

"झाली गो बाय," पुढच्या रांगेतून म्हातारी म्हणाली. "तुजीच लेक आता."

"मंग मी आय म्हनून बोलतंय. मी या घरान एक लेक दिली. तिला कावीळ झाली. या लोकांनी तिचे गल्यान माल बांधली, पोलक्यान लपवली, वरशी हलद थापली आन् मांडवान बसवली, कार्य नासाय नको म्हनून. ती मोरीन पडून नाय मेली. ती हलदीन बसून मेली. तिचा पोर पोटान मेला." तिचा आवाज कापत नव्हता. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. "ही माजी दुसरी लेक. ही मी या घरान देत नाय."

आधी कुणाला काही कळलंच नाही. दोन पोरं हसली, त्यांना वाटलं काहीतरी गंमत चाललीय. अँकर "ओके, ओके" म्हणत माइक घ्यायला आली. सखुबाईनं तिला कोपरानं बाजूला सारलं.

"मामी, काय बोलताय तुम्ही!" दिपेश स्टेजवर चढला. अंगभर हळद, गळ्यात झेंडू. "वेड लागलंय हिला. म्युझिक लाव रे!"

"माल कोनी बांधली, दिपेश?" सखुबाईनं माइक त्याच्या तोंडापुढे धरला. "सांग. तू बांधलीस का आईशीनं?"

त्याची नजर गर्दीत आईला शोधायला लागली. रुचिता पाटावरून मान वर करून त्याच्याकडे बघत होती.

"खरं आहे का?" तिनं विचारलं.

"अगं, तसं नाही," दिपेश म्हणाला. माइक तोंडापुढेच होता. "घरात कार्य होतं. दोन दिवसांचाच प्रश्न होता. आम्हाला काय माहीत एवढं होईल?"

त्याचे शब्द चारही स्पीकरांतून खाडीपर्यंत गेले. बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं, आणि त्यानं माइकवर हात ठेवला. फार उशीर झाला होता.

रुचिता उठली. आजीनं हाक मारायच्या आधी उठली. तिनं मुंडावळ्या सोडल्या, पाटावर ठेवल्या आणि हळदीच्या पावलांनी स्टेजच्या पायऱ्या उतरायला लागली. यसूबाय काठी टेकत पुढे आली. "रीत मीच मागितलेली," ती आपल्या माणसांना म्हणाली. "आय नको बोल्ली. चला." खडवलीकर एकेक करून उठले. त्यांच्यातल्या एकानंही जेवणाच्या मांडवाकडे वळून बघितलं नाही.

सखुबाईला गोड वाटलं. खोटं कशाला बोला, फार गोड वाटलं. दिपेशचे दोस्त गॉगल काढून जमिनीकडे बघत होते, पाहुण्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या, आणि ज्या तोंडांना बंद करायला तिला बोलावलं होतं ती सगळी एकदम उघडली होती. तिनं माइक अँकरच्या हातात परत दिला.

पायऱ्यांपाशी चांगुणाबाई आडवी आली. केस सुटलेले, गळ्यातले हार एकमेकांत अडकलेले. तिनं सखुबाईचं लुगडं दोन्ही मुठींत धरलं.

"माज्या पोऱ्याचा वाटोला केलास गो!" ती किंचाळली. "माज्या एकुलत्या एका पोऱ्याचा!"

सखुबाईनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

"तुजा पोऱ्या जित्ता हाय, चांगुने," ती म्हणाली. "जा, आंघोल घाल त्याला."